शेजारच्या मंडळांस शिक्षणाचे साह्य

(सुवर्णमहोत्सवी सभेत वराळे येथे केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल दिवशी सभेपुढे बोलणाऱ्याने गत पन्नास वर्षांचे गुणगान करावे, असा प्रघात आहे. तो मोडण्याची आमची इच्छा नाही. परंतु ते कार्य आमच्याहून वडील व अधिकारी मंडळींनी आज सकाळीच उत्तम प्रकारे केले असल्यामुळे आमच्या वाट्यास उरलेला विषय काहीसा रुक्ष आहे. तो म्हणजे रोजकीर्द, इतिवृत्ताची वही, पावतीपुस्तक आणि ठराव. देवाच्या घरी या वस्तूंचे काय काम, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आम्ही सेवामंडळाच्या वतीने एका कबुलीने देतो. कारण कबुलीपासून आरंभ करणे ही आपल्या धर्माची रीतच आहे.

काही वर्षांपूर्वी वराळे व आंबी या बाजूस राहणाऱ्या चौदा स्त्रियांनी एक बचत गट काढला. त्यांत आपल्या धर्मग्रामातील पाच-सहा जणी होत्या, बाकीच्या शेजारच्या हिंदू व बौद्ध घरांतील. कोणी कारखान्यात माल बांधण्याच्या कामास जाणारी, कोणी चार घरची धुणीभांडी करणारी, आणि दोघी भाताच्या खाचरांत राबणाऱ्या. त्यांनी आमच्या सेवामंडळाकडे साह्य मागितले, व ते आम्ही आनंदाने दिले. बँकेतील खाते आम्ही उघडून दिले. हिशेबाची वही आम्ही लिहिली. ठराव आम्ही रचले व खाली त्यांच्या सह्या घेतल्या. आमच्यापैकी जे गृहस्थ ही वही लिहीत, ते कारकुनी पेशातले असून त्यांचे अक्षर मोत्याच्या दाण्यासारखे होते. दर महिन्यास ते जात, रक्कम मोजीत, लिहीत, चहा घेत व परत येत. असे सहा वर्षे चालले, आणि आमच्या वार्षिक अहवालात आम्ही या गटाचा उल्लेख मोठ्या अभिमानाने करीत असू.

पुढे त्या गृहस्थांची बदली झाली. जाण्याच्या घाईत गटाची वही त्यांच्या सामानात गेली व परगावी एका पेटीत पडून राहिली. त्याच सुमारास गटाच्या अध्यक्षबाईही वराळे सोडून गेल्या. बँकेने नव्या सह्यांकरिता ठराव मागितला, व तसे मागणे बँकेस भागच होते. परंतु ठराव म्हणजे काय व तो कसा लिहावा, हे मागे राहिलेल्यांपैकी एकीसही ठाऊक नव्हते. कोणाची जमा किती, कोणाकडे कर्ज किती, याविषयी जिच्या तिच्या आठवणीत निराळा आकडा. अकरा महिने त्यांचे स्वतःचे पैसे त्यांस हाती घेता आले नाहीत. त्या अवधीत एकीच्या मुलीचे परिचारिकेच्या शिक्षणाचे शुल्क भरावयाचे राहून गेले, व तिचे एक वर्ष बुडाले. त्या आईने आम्हांस एकही वावगा शब्द काढला नाही. तिने एवढेच विचारले, "तुम्ही सहा वर्षं येत होतात, मग आम्हांला का नाही शिकवलंत?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. खरे सांगावयाचे तर लिहून देण्यास दहा मिनिटे पुरतात व शिकविण्यास सहा महिने लागतात. आणि जो लिहून देतो त्याच्या येण्याची वाट पाहिली जाते, त्यास पाट मांडला जातो, हेही आमच्या मनाच्या कोपऱ्यात कोठेतरी असावे. आमच्या परोपकारात आमचाच मान मिसळला होता. या महोत्सवात आम्ही जी सूचना मांडणार आहो, तिचे मूळ त्या बाईच्या प्रश्नात आहे.

आता, शिकवून मग बाजूस होण्याची कल्पना आमची नव्हे, व ती नवीही नव्हे. तिचे एक उदाहरण तर आपल्या उंबरठ्याशीच आहे. तळेगाव दाभाडे येथे १९०८ साली पैसाफंडाचा काच कारखाना निघाला, हे आपणांपैकी वृद्धांनी आपल्या वडिलांच्या तोंडून ऐकले असेल. अंताजी दामोदर काळे या गृहस्थांनी जनसामान्यांकडून एकेक पैसा गोळा करण्याची टूम काढली. लोकमान्य टिळकांनी तीस पाठबळ दिले. त्या पैशांतून अन्नछत्र घालता आले असते; परदेशी काचसामान स्वस्त विकता आले असते. परंतु त्यांनी तळेगावी भट्टी घातली, ईश्वरदास वार्ष्णेय यांच्यासारख्या, परदेशी जाऊन ती विद्या शिकून आलेल्या जाणत्यास बोलावले, आणि माल करता करता मुलांस काचेचे काम शिकविण्याची सोय केली. तेथून शिकून गेलेले हात पुढे देशात इतरत्रही कामास आले. पैसा गोळा करणाऱ्यास कल्पना होती की, काच फुटते परंतु हातातील कसब फुटत नाही. (हे वाक्य आमचे आहे; काळे यांच्या तोंडी घालू नये.)

दुसरे उदाहरण आपल्या ख्रिस्तसभेतील आहे, व त्याविषयी थोडे विस्ताराने बोलल्याखेरीज आमच्याने राहवत नाही. कारण या मंडपात बसलेल्यांपैकी कित्येकांची मूळ घरे नगर जिल्ह्यात आहेत. २०२४ सालापासून त्या जिल्ह्यास अहिल्यानगर हे नाव मिळाले आहे. १९८७ साली नाशिक धर्मप्रांत निराळा होईपर्यंत तो मुलूख आपल्याच पुणे धर्मप्रांतात होता. तेथे स्वित्झर्लंड देशातून १९४८ साली आलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर हर्मन बाखर यांनी शेतकऱ्यांमध्ये जन्म वेचला. लोक त्यांस बाखरबाबा म्हणत. २०२१ साली ते प्रभुचरणी विलीन झाले. नगर येथील सोशल सेंटर ही त्यांनी उभारलेली संस्था. आणि १९८९च्या सुमारास आकारास आलेला भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम हे त्यांच्या उत्तरायुष्यातील मोठे कार्य. या कार्यक्रमात नाबार्ड ही आपली राष्ट्रीय बँक सहभागी होती, द्रव्यसाह्य जर्मनीचे होते, आणि गावोगावच्या संस्थांस शिकवून तयार करण्याकरिता १९९३ साली फादर बाखर व क्रिस्पिनो लोबो यांनी वॉटर ही निराळी संस्था स्थापन केली.

या कार्यक्रमातील जी गोष्ट आम्हांस आपल्या कामाकरिता घ्यावीशी वाटते, ती अशी. एखाद्या गावाने अर्ज केला म्हणून तेथे लगेच पैसा जात नसे. प्रथम गावकऱ्यांनी श्रमदान करून दाखवावे, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी मान्य करावी, आणि ग्रामसभेत सर्वांच्या संमतीने पाणलोट समिती नेमावी. त्यानंतर शिवाराच्या लहानशा भागावर शिकण्याचा काळ असे, व तो महिना-दोन महिन्यांचा नसून वर्ष-दीड वर्षाचा असे. समतल चर कोठे खणावा, याकरिता दरवेळी इंजिनियराची वाट पाहण्याचे कारण नाही. दोन काठ्यांस बांधलेल्या, पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने गावातील तरुणास ती रेषा आखता येते. शेताचा आराखडाही कचेरीत बसून करावयाचा नाही. प्रत्येक बांधावर जाऊन, धनी व धनीण या दोघांस उभे करून, त्यांच्याशी बोलून तो ठरवावयाचा. बाईस वगळून केलेल्या आराखड्यात चाऱ्याचा व सरपणाचा विचार सुटतो, हे ज्याने नगरकडील उन्हाळा पाहिला आहे त्यास सांगणे नलगे. स्त्रियांच्या गटांची मिळून संयुक्त महिला समिती होई. पैशाचे खाते गावच्या समितीच्या व साह्य करणाऱ्या संस्थेच्या जोडनावाने असे. म्हणजे गावास हिशेब शिकल्यावाचून गत्यंतरच नव्हते. हा शिकण्याचा काळ निभावला, म्हणजे मग मोठे काम हाती.

संगमनेर तालुक्यातील दरेवाडी हे त्या कार्यक्रमातील नावाजलेले गाव. उघड्या टेकड्यांचे, उन्हाळ्यात टँकरकडे डोळे लावून बसणारे ते गाव सावरले, आणि पुढे तेथेच प्रशिक्षण केंद्र झाले, जेथे दूरदूरचे शेतकरी शिकण्यास येऊ लागले. आता कोणी म्हणेल, आम्हां मावळवासीयांस या पाण्याच्या कथेचे काय? आमच्याकडे लोणावळ्याच्या बाजूने पाऊस कोसळतो, इंद्रायणी उशाशी वाहते. ते खरे आहे. आम्ही चर खणण्याचा धडा घेण्यास सांगत नाही; वर्ष-दीड वर्ष धीर धरून शिकविण्याचा धडा घेण्यास सांगतो. तसेच हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे की, अशा कामांत काम पूर्ण होऊन साह्य करणारे निघून गेल्यावर सर्वच गावांच्या समित्या पूर्वीइतक्या जागत्या राहतात असे नाही. शिकविणे हा रामबाण उपाय नव्हे. परंतु जेथे शिकविलेच नाही, तेथे काय होते ते आम्ही वर सांगितले आहे.

दूरचे एकच उदाहरण देतो. कॅनडा देशाच्या पूर्व टोकास नोव्हा स्कोशिया प्रांतात अँटिगोनिश नावाचे गाव आहे. तेथील विद्यापीठास ज्यांचे पवित्र शरीर आपल्या जुन्या गोव्यात आहे त्या संत फ्रान्सिस झेवियर यांचे नाव आहे. तेथील कोळी व शेतकरी व्यापाऱ्यांच्या देण्यात बुडाले होते. १९२८ साली फादर मोझेस कोडी यांच्या हाती विद्यापीठाच्या विस्तारकार्याची सूत्रे आली, तेव्हा त्यांनी आधी पतपेढ्या काढल्या नाहीत; आधी घराघरांच्या स्वयंपाकघरांत अभ्यासमंडळे बसविली. माशाला भाव कोण ठरवितो, पैसा जातो कोठे, हे लोकांनी स्वतः हुडकून काढावे, मग संस्था काढावी, असा क्रम. पतपेढ्या, विक्रीसंघ, शेवंडी डब्यात भरण्याचे सहकारी कारखाने त्यातून उभे राहिले. १९५९ साली त्यांच्या नावे निघालेल्या संस्थेत आपल्या देशातील कार्यकर्तेही शिकून आले आहेत. आणि आपल्या वसईत तर याच्याही आधी, १९१८ साली, मॉन्सिन्योर मोनीस यांच्या पुढाकाराने कॅथॉलिक सहकारी पतसंस्था नोंदली गेली, जिची आज मोठी बँक झाली आहे. वसईकरांस याविषयी आम्ही काय सांगावे! ते आमच्याहून अधिक जाणतात, व तसे ते आम्हांस वरचेवर सांगतातही.

पोप अकरावे पायस यांनी १९३१ सालच्या आपल्या परिपत्रात समाजव्यवस्थेविषयी एक तत्त्व घालून दिले आहे. लहान मंडळास स्वतःच्या बळावर जे करता येते, ते मोठ्या मंडळाने त्याच्याकडून काढून घेणे हा अन्याय होय. आम्ही हे तत्त्व सरकारास व मोठमोठ्या कंपन्यांस लावून दाखवीत आलो. ते आमच्या सेवामंडळास लागू पडेल, हे आमच्या ध्यानात आले नव्हते. चौदा स्त्रियांची लेखणी आम्ही काढून घेतली, ती जुलमाने नव्हे, प्रेमाने. पण काढून घेतली हे खरे.

आता व्यवहाराकडे वळू. आपल्या आसपास मंडळे किती आहेत, याची आम्ही मनाशी मोजणी करू लागलो तेव्हा आश्चर्य वाटले. बचत गट, भजनी मंडळे, गणेशोत्सव मंडळे, बुद्धविहारांच्या समित्या, तरुणांचे व्यायामसंघ, आणि तळेगावच्या बाजूस कारखान्यांमागून उठलेल्या इमारतींच्या सहकारी गृहनिर्माण संस्था. यांपैकी बहुतेकांस पैशापेक्षा माहितीची वाण अधिक आहे. १८६०च्या कायद्याखाली संस्था नोंदण्यास किमान सात जण लागतात, इतके पुष्कळांस ठाऊक असते. परंतु नोंदणी झाल्यावर धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब जावयाचे असतात, आणि विश्वस्त बदलला, वारला वा निवृत्त झाला, तर नव्वद दिवसांच्या आत बदल अर्ज द्यावयाचा असतो, हे फार थोड्यांस ठाऊक. परिणामी, जे केव्हाच देवाघरी गेले त्यांच्या नावे कारभार चालू असलेली मंडळे आमच्या पाहण्यात आहेत. त्यांत लबाडी नसते, अज्ञान असते. पुढे जागेचा वा खात्याचा प्रश्न उभा राहिला, की हेच अज्ञान लबाडीसारखे दिसू लागते. गृहनिर्माण संस्थांविषयी तर सहकार कायद्याच्या २४-अ कलमानेच सभासदांचे व समितीचे शिक्षण आवश्यक ठरविले आहे. पण किती इमारतींत ते पोहोचते, हे इमारतीत राहणाऱ्यांनीच सांगावे.

आणखी एक गोष्ट. पूर्वी मोठ्या ख्रिस्ती संस्थांकडे परदेशांतून देणगी येई व तिचा वाटा लहान मंडळांस मिळे. २०२० साली परकीय देणगीच्या कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिच्यामुळे अशी देणगी घेणाऱ्या संस्थेस ती दुसऱ्या संस्थेस देता येत नाही. या कायद्याच्या गुणदोषांची चर्चा करण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु त्याचा अर्थ आम्हांपुरता असा की, तो पैसा हातोहात पुढे सरकविण्याचा मार्ग बंद झाला. हिशेब लिहिण्याची विद्या पुढे देण्यास कोणाची आडकाठी नाही.

अकरा महिन्यांनी पेटीतील वही परत आली, पैसे मोकळे झाले, आणि त्या स्त्रियांनी गट मोडला नाही, ही त्यांची थोरवी. आम्ही पुन्हा गेलो, ते एक नियम करून गेलो: आमच्यापैकी कोणी लेखणीस हात लावावयाचा नाही. चौथी इयत्तेपर्यंत शिकलेल्या एका मावशींनी वही घेतली. पहिल्या सभेस सहा रकमा लिहिण्यास त्यांस पाऊण तास लागला. आम्ही मांडीखाली हात दाबून बसलो होतो, हे अतिशयोक्तीने सांगत नाही. चुकलेला आकडा खोडरबराने पुसावयाचा नाही. त्यावर एक रेघ ओढून शेजारी बरोबर आकडा व सही करावयाची, हे त्या पहिल्याच दिवशी शिकल्या. सभा संपताना वही मोठ्याने वाचावयाची, म्हणजे जिला अक्षर येत नाही तिलाही आपली जमा ऐकू येते. ही कल्पना आमची नव्हे, त्यांचीच. सहाव्या महिन्यात ठराव त्यांनी स्वतः लिहिला. त्यात दोन ठिकाणी ऱ्हस्वदीर्घ चुकले होते. बँकेने तो स्वीकारला. आता आम्हांस तेथे बोलावणे क्वचितच येते. त्याचे प्रारंभी थोडे वाईटही वाटले, हेही कबुलीतच जमा धरावे.

शिकविण्यास गेलेल्याने शिकून यावे, असाही प्रसंग आला. शेजारच्या एका गणेशोत्सव मंडळाचे तरुण बदल अर्जाविषयी विचारण्यास आमच्याकडे आले. बोलता बोलता कळले की, वर्गणीचा सारा जमाखर्च ते विसर्जनानंतर चौकात फलकावर लावतात. मांडववाल्याचे बिल, विजेचे बिल, उरलेली शिल्लक, सर्व. आपल्या सणाच्या वर्गणीचा हिशेब आपण आजवर चौकात कधी लावला होता? त्या वर्षीपासून देवळाच्या दाराशी आम्ही तो लावतो.

येथे एक शंका उघडपणे बोललेली बरी, कारण ती काही शेजाऱ्यांच्या मनात येते, व येणे स्वाभाविक आहे. ख्रिस्ती लोक शिकविण्यास येतात, त्यात धर्माचा हेतू असेल काय? आमचे उत्तर असे की, रोजकीर्दीस धर्म नसतो. ज्याच्या वहीची बेरीज आम्ही पाहतो, त्याच्या देवघराकडे आमची दृष्टी जाणार नाही. शेजाऱ्यावर प्रीती करावी ही आज्ञा आम्हांस आहे. तिच्यापुढे कोणतीही अट घातलेली आमच्या वाचनात नाही.

आता महोत्सव-निधीविषयी. निधीतून प्रवेशद्वारापाशी दगडी कमान बांधावी, असा एक पक्ष आहे, व त्या पक्षात आमचे परममित्र आहेत. कमान सुंदर होईल यात शंका नाही. पन्नास वर्षांची खूण म्हणून काहीतरी डोळ्यांस दिसावे, ही इच्छा हीन नव्हे. ज्या वडीलधाऱ्यांनी कुडाच्या भिंतीआड मिस्सा ऐकली, त्यांस दगडाची ओढ असणारच, व तिचा आम्ही उपहास करणार नाही. आमचे मागणे एवढेच की, निधीचा तिसरा हिस्सा तीन वर्षांकरिता या शिक्षणासाठी राखावा. त्यातून वह्या, फळा, दोन जुने संगणक, आणि वर्षातून काही वेळा एखाद्या जाणत्या हिशेबनिसाचा व वकिलाचा प्रवासखर्च, इतकेच भागवावयाचे आहे. पगारी नोकर नेमावयाचा नाही. तीन वर्षांनी जी मंडळे आम्हांवाचून चालू लागली असतील त्यांची नावे धर्मग्रामाच्या सभेत वाचावीत. जी अजून आम्हांवर अवलंबून असतील त्यांचीही वाचावीत, व तो दोष त्यांचा न धरता आमचा धरावा. तेवढे करूनही कमानीकरिता पैसे उरतील. कदाचित ती थोडी ठेंगणी होईल. निर्णय सभेने करावा. विरुद्ध निर्णय झाला तरी आम्ही कमानीच्या दगडांस हात लावण्यास येऊ.

परंतु पहिल्या वर्गाकरिता निधीची वाट पाहण्याचे कारण नाही, म्हणून तो आम्ही ठरवून टाकला आहे. आगमनकाळातील पहिल्या शनिवारी दुपारी ४ वाजता, देवळाच्या मागील खोलीत. वर्ग सर्व मंडळांस खुला आहे. प्रत्येक मंडळाने दोन जण पाठवावेत, त्यांपैकी एक तरी स्त्री असावी, आणि आजवर ज्याने वही लिहिली आहे त्यास त्या दिवशी घरी ठेवावे. वही मात्र आणावी. फाटकी असली, अर्धवट असली, तरी लाजू नये. पहिला धडा त्या मावशीच देतील, ज्यांना सहा रकमा लिहिण्यास पाऊण तास लागला होता. आम्ही मागच्या बाकावर बसणार आहो.